बी.एड., डी.एल.एड. करणाऱ्यांसाठी महाडीबीटी: हाती काय लागतं, कुठं अडतं आणि काय अजून नाहीच

सुरुवातीलाच निकाल सांगून टाकतो. मराठवाड्यातल्या कुठल्याही बी.एड. महाविद्यालयात किंवा अध्यापक विद्यालयात शिकत असाल आणि घरचं उत्पन्न मर्यादेत असेल, तर महाडीबीटीवर (राज्य शासनाच्या शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलवर) अर्ज केल्याशिवाय राहू नका. फीचा मोठा भार त्यानं उतरतो. मात्र या पैशांवर खोलीभाडं आणि मेस चालेल असा हिशोब धरून घर सोडू नका. पैसे येतात, पण बऱ्याचदा गरज टळून गेल्यावर येतात. आणि तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यांत जास्त खुपते. शिक्षक घडवायला दिला जाणारा हा पैसा, तो शिक्षक पुढे किनवटच्या तांड्यावर जाणार की लातूरच्या खासगी शिकवणीत, हे कधीच विचारत नाही.

आधी पैशांचं बघू, मग त्या तिसऱ्या गोष्टीकडे येऊ.

महाडीबीटी ही एक योजना नाही, ती खिडकी आहे. समाजकल्याण, इतर मागास बहुजन कल्याण, आदिवासी विकास, उच्च शिक्षण अशा निरनिराळ्या विभागांच्या योजना तिच्यातून मिळतात आणि प्रत्येक विभागाचे नियम वेगळे. त्यामुळे शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीचा अर्ज बघून आपला भरला की चूक ठरलेली.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, कुटुंबाची उत्पन्न मर्यादा वर्षाला २.५ लाख रुपये. शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि वर निर्वाह भत्ता. उत्पन्न याहून जास्त असेल तर फ्रीशिप. तिच्यात शुल्क माफ होतं, भत्ता मिळत नाही. अनुसूचित जमातीसाठी आदिवासी विकास विभागाची तशीच मॅट्रिकोत्तर योजना आहे. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला व्यावसायिक अभ्यासक्रमाचं पूर्ण शिक्षण शुल्क मिळतं, ओबीसी मुलांना निम्मं. खुल्या, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) गटासाठी उच्च शिक्षण विभागाची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे: उत्पन्न मर्यादा ८ लाख, लाभ निम्म्या शुल्काचा, आणि तोही कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांनाच.

मुलींसाठी चित्र बदललं ते ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमात निम्म्याऐवजी पूर्ण शिक्षण आणि परीक्षा शुल्काचा लाभ मिळू लागला. बी.एड.ला प्रवेश घेणाऱ्या मुलींनी इथं एक अट लाल पेनानं अधोरेखित करून ठेवावी: प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला हा लाभ नाही. 'आधी प्रवेश घेऊन टाका, स्कॉलरशिपचं नंतर बघू' असं कुणी म्हटलं तर हातात सीईटी सेलचं (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाचं) अलॉटमेंट लेटर येईपर्यंत पैसे भरू नका. ते एक पान नसेल तर वर्षाची पूर्ण फी अंगावर येते.

डी.एल.एड.चं (बारावीनंतरच्या शिक्षक पदविकेचं) मात्र वेगळं आहे. हा अभ्यासक्रम उच्च शिक्षण विभागाखाली येत नाही, शालेय शिक्षण विभागाखाली येतो आणि त्याचे प्रवेश पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद करते (बारावीला खुल्या गटाला किमान ४९.५ टक्के, राखीव गटाला ४४.५ टक्के गुण हवेत). म्हणून बी.एड.वाल्यांना लागू असलेली उच्च शिक्षणाची योजना डी.एल.एड.ला आपोआप लागू होते असं समजू नका. प्रोफाइलमध्ये अभ्यासक्रम निवडल्यावर तुमच्यासाठी ज्या योजना दिसतात, त्याच खऱ्या. प्रवेश घेण्याआधी अध्यापक विद्यालयातल्या शिष्यवृत्तीच्या लिपिकाला एकच प्रश्न विचारा: मागच्या वर्षी माझ्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्याला कोणत्या योजनेतून पैसे आले? योजनेचं नाव नीट सांगता आलं नाही तर समजून घ्या की तिथं अर्ज पुढे सरकवणारा माणूस नाही.

इथंच आणखी एक खड्डा आहे आणि तो नवा आहे. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पहिली ते पाचवीला शिकवायला बी.एड. ही पात्रता चालणार नाही, डी.एल.एड.च लागेल. त्यानंतर पदवीधर आणि बी.एड. झालेलेही डी.एल.एड.कडे वळले. पण मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा मूळ नियम असा की शिक्षणाचा एक टप्पा पूर्ण केल्यावर पुन्हा त्याच टप्प्यावरचा दुसरा अभ्यासक्रम घेतला तर शिष्यवृत्ती मिळत नाही, आणि एक व्यावसायिक अभ्यासक्रम पुरा करून दुसऱ्यात गेलेल्यालाही नाही. बी.ए. करून किंवा बी.एड. करून मागे डी.एल.एड.ला येत असाल तर अर्ज इथं अडू शकतो. समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात लेखी विचारून घ्या. तोंडी 'होईल की' याला अर्थ नाही.

आता भत्ता. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर योजनेत अभ्यासक्रमाच्या गटाप्रमाणे घरून ये-जा करणाऱ्याला वर्षाला २,५०० ते ७,००० रुपये आणि वसतिगृहात राहणाऱ्याला ४,००० ते १३,५०० रुपये मिळतात. सगळ्यांत वरचा दर धरला तरी ये-जा करणाऱ्याला महिन्याला सहाशेसुद्धा पडत नाहीत. एवढ्यात एसटीचा पासही जेमतेम निघतो. त्यामुळे गाव सोडून शिकणाऱ्यानं महाडीबीटीवर थांबू नये. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्याला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्याच्यासाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे: छत्रपती संभाजीनगरसारख्या महसूल विभागाच्या शहरात वर्षाला ५१,००० आणि बाकी जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,००० रुपये. हा अर्ज महाडीबीटीवर नसतो, समाजकल्याणच्या वसतिगृहांच्या वेगळ्या पोर्टलवर असतो, म्हणूनच तो बऱ्याच जणांचा राहून जातो. आधीच्या परीक्षेत ५० टक्के (दिव्यांगांना ४० टक्के) हवेत आणि शिकता त्या शहराचे तुम्ही रहिवासी नसावेत. ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना याच धर्तीच्या आहेत. खुल्या आणि एसईबीसी गटातल्या पोरांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज सोडू नये. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या लेकरांना त्यात जास्त दर आहे, आणि मराठवाड्यात अल्पभूधारक नसलेलं घर शोधावं लागेल. तहसीलचं अल्पभूधारक प्रमाणपत्र तेवढं काढून ठेवा.

अर्जाचा क्रम सरळ आहे. आधार क्रमांकावर नोंदणी, मग प्रोफाइल: वैयक्तिक माहिती, पत्ता, पालकांची माहिती, चालू अभ्यासक्रम, मागचं शिक्षण, वसतिगृह. प्रोफाइल शंभर टक्के भरल्यावरच योजना उघडतात. मग कागदपत्रं: तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, राखीव जागेवर प्रवेश असेल तर जात वैधता, अधिवास, दहावी-बारावी-पदवीच्या गुणपत्रिका, अलॉटमेंट लेटर, फीची पावती, शिधापत्रिका आणि मध्ये वर्ष गेलं असेल तर खंड प्रमाणपत्र. प्रत्येक फाइल २५६ केबीच्या आत लागते. मोबाइलनं काढलेला फोटो थेट चढत नाही, आणि फार दाबून लहान केला तर दाखल्याचा बारकोड वाचता येत नाही म्हणून अर्ज परत येतो. स्कॅनरवर काळ्या-पांढऱ्यात पीडीएफ काढणं हा दोन्हींवरचा उपाय. महा-ई-सेवा केंद्रावर बसून भरून घेणार असाल तर शेवटी 'सबमिट' झालं का ते स्वतः बघा आणि अर्ज क्रमांकाचा फोटो काढा. 'ड्राफ्ट'मध्ये राहिलेला अर्ज कॉलेजला दिसत नाही.

दाखल्यांतल्या नावांवर सगळ्यांत जास्त अर्ज अडकतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरं. बी.एड.च्या वयात मुलींची लग्नं होतात, आधारवर सासरचं नाव येतं आणि गुणपत्रिका माहेरच्या नावानं राहतात. अशा वेळी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडावी लागते. त्याहून महत्त्वाचं, लग्न झालेल्या आणि नोकरी नसलेल्या विद्यार्थिनीसाठी उत्पन्न वडिलांचं धरत नाहीत, नवऱ्याचं धरतात. जातीचा दाखला मात्र वडिलांकडचाच. हे दोन उलटे लावले की छाननीत 'त्रुटी' म्हणून परत, आणि पुन्हा सेतूच्या रांगेत.

मराठवाड्यापुरती आणखी एक सूचना. २०२३ पासून इथं कुणबी नोंदी शोधून दाखले दिले गेले. पहिल्या वर्षी खुल्या किंवा एसईबीसी गटातून प्रवेश आणि शाहू महाराज योजनेचा अर्ज, अन् दुसऱ्या वर्षी हातात कुणबी दाखला, अशी मुलं वर्गावर्गात आहेत. नवा दाखला मिळाला म्हणून पोर्टलवरचा प्रवर्ग परस्पर बदलू नका. प्रवेश ज्या प्रवर्गातून झाला, पोर्टलवर जो आहे आणि योजना ज्या विभागाची आहे, हे तिन्ही जुळले नाहीत तर अर्ज दोन विभागांच्या मध्ये लोंबकळतो. आधी कॉलेज, मग विभाग, मग बदल, हा क्रम पाळा.

अर्ज तुमच्याकडून आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे, मग त्या-त्या विभागाच्या कार्यालयात जातो. कॉलेजच्या लॉगिनला तो नुसता पडून राहणं ही नेहमीची अडचण आहे. दर पंधरा दिवसांनी स्वतः लॉगिन करून तो कोणाच्या टेबलावर आहे ते पाहा. परत आला तर दुरुस्तीची मुदत थोडी असते आणि निरोप नोंदवलेल्या मोबाइलवरच येतो. आई-वडील ऊसतोडीला गेलेले, आधारला त्यांचाच नंबर जोडलेला, रिचार्ज संपलेला, अशात ओटीपी येत नाही आणि मुदत निघून जाते. आधारला स्वतःचा नंबर जोडून घेणं हे पहिलं काम, नोंदणी त्यानंतर.

आणि आता बँक. 'माझं खातं आधारला जोडलेलं आहे' असं प्रत्येक जण सांगतो. पण केवायसीसाठी बँकेत आधार दिलेला असणं वेगळं आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नकाशावर तुमच्या आधारपुढे त्या बँकेचं नाव लागलेलं असणं वेगळं. थेट लाभाचे पैसे दुसऱ्या गोष्टीवर चालतात. एका आधारपुढे एकच बँक असते, आणि जिची संमती सगळ्यांत शेवटी दिली तिथं पैसे जातात. सिम घेताना दुकानदारानं पेमेंट बँकेचं खातं उघडून अंगठा घेतला असेल तर शिष्यवृत्ती तिकडं गेलेली असते आणि मूळ खात्यात काही दिसत नाही. मोबाइलवर *९९*९९*१# लावून किंवा आधारच्या संकेतस्थळावर बघून बँकेचं नाव खात्री करून घ्या. चुकीचं असेल तर हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचा फॉर्म लेखी द्या. दुसरा सापळा छोट्या खात्याचा. पूर्ण केवायसी न करता उघडलेल्या लहान खात्यात शिल्लक ५० हजारांवर जाऊ शकत नाही, वर्षभरात एक लाखावर जमा होऊ शकत नाही आणि महिन्याला दहा हजारांवर काढता येत नाहीत. फीची रक्कम आली की पैसे परत जातात किंवा अडकतात. प्रवेशाच्या आठवड्यातच केवायसी पूर्ण करून खातं साधं बचत खातं करून घ्या.

अनुसूचित जातीच्या योजनेत २०२१ पासून आणखी एक बदल आहे. खर्चाचा ४० टक्के वाटा राज्याचा, ६० टक्के केंद्राचा, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, त्यात कॉलेजची फीसुद्धा असते. ती सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. दोन हप्ते दोन वेळेला येतात, म्हणून 'अर्धेच आले' म्हणून घाबरू नका. पण आलेले सगळे आपले आहेत असं समजून ते बियाणं-खतात घातले, तर परीक्षेच्या तोंडावर कॉलेज फी मागतं आणि तेव्हा देणार कुठून? घरात आधीच सांगून ठेवा की यातले इतके कॉलेजचे. ज्या दिवशी येतील त्याच दिवशी भरा आणि पावती घ्या. आणि कुणीही मागितलं तरी एटीएम कार्ड, पिन किंवा सही केलेला कोरा धनादेश कॉलेजमध्ये ठेवू नका. नियमात असं काहीही नाही.

पैसे कधी येतात हे ज्याला कळलं तोच वर्ष नीट काढतो. बी.एड.चे प्रवेश उशिरापर्यंत चालतात, त्यानंतर अर्ज, छाननी, निधी. दरम्यान शालेय अनुभव सुरू होतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी दोन वर्षांत २० आठवडे शाळेत काढायचे असतात, त्यातले सोळा मोठ्या आंतरवासितेचे (इंटर्नशिपचे). हे चार महिने सगळ्यांत महागडे. रोज शाळेला जाणं, पाठ टाचणाच्या वह्या, तक्ते, शैक्षणिक साहित्य, आणि सकाळची मजुरी किंवा शिकवणी बंद. या काळासाठी कोणताही वेगळा भत्ता नाही. गुण द्यायचे तर फी माफीसाठी पाचपैकी चार देऊ, राहण्या-खाण्याच्या मदतीसाठी (स्वाधारसकट) अडीच, आणि आंतरवासितेसाठी शून्य.

आता ती तिसरी गोष्ट.

महाडीबीटीवरून जो पैसा मिळतो तो जात आणि उत्पन्न पाहून मिळतो, आणि तसा मिळायलाच हवा. तो हक्काचा आहे, त्यात काही घटू नये. पण गरजू शाळेत शिकवायचं वचन देणाऱ्याला त्या वचनासाठी वेगळा पैसा द्यायची सोय इथं नाही. हे नवं स्वप्न नाही, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलेलं आहे. त्यात शिक्षकांच्या प्रकरणात म्हटलं आहे की ग्रामीण भागासाठी गुणवत्तेवर विशेष शिष्यवृत्त्या ठेवाव्यात आणि बी.एड. पूर्ण झाल्यावर आपल्याच भागात नोकरीला प्राधान्य द्यावं. शिक्षक तुटवड्याच्या भागात शाळेजवळ राहायला घर किंवा वाढीव घरभाडं द्यावं असंही त्यात आहे. मराठवाड्याला हे कागदावरून उतरवायची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. किनवट-माहूरचा आदिवासी पट्टा, बालाघाटातल्या वस्त्या, बीडचे ऊसतोडीचे तालुके, जिथं दिवाळीनंतर निम्मा वर्ग कारखान्यावर जातो आणि उरलेल्यांसाठी हंगामी वसतिगृह चालवावं लागतं. शिक्षण हक्क कायद्यानं साठ लेकरांपर्यंत दोन शिक्षक. त्यातला एक बदलून गेला की दुसऱ्यानं पाच वर्ग, पोषण आहार आणि नोंदवह्या एकट्यानं ओढायच्या.

शासनाकडे आज या शाळांसाठी जे आहे ते नोकरीनंतरचं. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात एकस्तर वेतनश्रेणी (एक पायरी वरचा पगार) आहे. बदली धोरणात 'अवघड क्षेत्र' ठरवलेलं आहे: डोंगरी भाग, वाहतुकीचा अभाव, मोबाइलला रेंज नसणं असे निकष, आणि तिथं तीन वर्षं काढली की बदली मागायचा अधिकार. म्हणजे अवघड शाळेत राहिल्याचं फळ म्हणून जे मिळतं ते तिथून निघण्याचा हक्क. तिथं गेलेल्या शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. तीन वर्षं शिक्षण सेवक (ठरावीक मानधनावरची सुरुवातीची नेमणूक), जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला महिना १६,००० रुपये, त्यात घर, प्रवास आणि कर्ज.

अशी वचनाची शिष्यवृत्ती कशी चालते, आणि कशी फसते, हे पाहायचं तर अमेरिकेच्या टीच ग्रँटकडे बघावं. २००७ च्या कायद्यानं ती आली, २००८-०९ पासून द्यायला सुरुवात झाली. शिक्षक होणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत, पदवीला एकूण १६,००० आणि पदव्युत्तरला ८,००० (सरकारी खर्चकपातीमुळे प्रत्यक्षात वर्षाला ३,७७२ पर्यंत खाली आलेली). बदल्यात करार: शिक्षण संपल्यापासून आठ वर्षांच्या आत चार वर्षं, कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं असलेल्या शाळेत, तुटवड्याच्या विषयात पूर्णवेळ शिकवायचं. गणित, विज्ञान, विशेष शिक्षण, परकीय भाषा असे ते विषय. वचन पाळलं नाही तर सगळं अनुदान कर्ज होतं, आणि व्याज धरतात ते पैसे घेतल्या दिवसापासून.

फसलं ते कागदात. दरवर्षी सेवेचं प्रमाणपत्र पाठवायचं होतं. खरोखर अशा शाळांत शिकवत असलेल्या हजारो शिक्षकांचे फॉर्म उशिरा पोचले, सही राहिली, तारीख चुकली, आणि अनुदानाचं कर्ज झालं. पुढे त्या प्रकरणांची फेरतपासणी करावी लागली आणि १ जुलै २०२१ पासून नियम बदलले: प्रमाणपत्राला उशीर झाला एवढ्यावरून आता कर्ज होत नाही.

हाच आराखडा जसाच्या तसा महाराष्ट्रात आणला तर आमची लेकरं बुडतील, आणि त्याचं कारण साधं आहे. तिथं शिक्षक नोकरी शोधतो. इथं सरकारी शाळेतली भरती होण्याची वाट बघतो. पवित्र पोर्टलची (शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलची) पहिली अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ ला झाली, दुसरी फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये. मध्ये पाच वर्षं गेली. दुसरीची मुख्य निवड यादी फेब्रुवारी २०२४ ला लागली, म्हणजे परीक्षेनंतर आणखी वर्ष. तिसरी चाचणी मे-जून २०२५ ला. २०१८ ला डी.एल.एड. झालेल्या मुलीनं आठ वर्षांचा करार केला असता तर त्यातली सहा वर्षं तिची काहीही चूक नसताना घराच्या ओट्यावर गेली असती, आणि उरलेल्या दोनात चार वर्षांची सेवा बसत नाही. म्हणून अशी योजना इथं आणायची असेल तर घड्याळ पदवीपासून चालू करू नये, नेमणुकीच्या दिवसापासून करावं. सेवेचा पुरावा शिक्षकाकडून मागूच नये. शालार्थमध्ये (शिक्षकांच्या पगाराच्या सरकारी प्रणालीत) प्रत्येकाचा पगार कोणत्या शाळेतून निघतो हे सरकारला दर महिन्याला दिसतं, यू-डायसमध्ये (शाळांच्या माहितीच्या नोंदीत) त्या शाळेची पटसंख्या आहे, दोन्ही जोडले की काम झालं. आणि पैसा फीसाठी नको, तिची पूर्ण किंवा निम्मी सोय आधीच आहे. तो आंतरवासितेच्या सोळा आठवड्यांसाठी द्या आणि शिक्षण सेवकाच्या तीन वर्षांत घरभाड्यासाठी द्या. नेमकी तिथं दोन भोकं आहेत.

तोवर ज्याला आजच अवघड शाळेत जायचं आहे त्यानं काय करावं? पहिली ते पाचवीच्या वस्ती शाळा हव्या असतील तर डी.एल.एड. घ्या, बी.एड. नको. टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर एक, १५० पैकी ९० (राखीव गटाला ५५ टक्के), आणि प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, म्हणून बसता येईल तेव्हापासून द्यायला लागा. आंतरवासितेसाठी कॉलेजजवळची शाळा सोयीची वाटते. तरीही आपल्या तालुक्यातली झेडपीची शाळा मिळावी म्हणून प्राचार्यांमार्फत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे अर्ज करा. बीड जिल्ह्याची अंबाजोगाईला आहे, लातूरची मुरूडला. किनवट-माहूरकडे जाणार असाल तर त्या चार महिन्यांत गोंडी, कोलामी किंवा गोरमाटी कानावर पडू द्या, पहिलीच्या वर्गात तीच लागते.

पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम देताना शाळा निवडता येत नाही, जिल्हा परिषद निवडता येते. शाळा ठरते नंतरच्या समुपदेशनात. रिक्त शाळांची यादी त्या दिवशी समोर लावतात, क्रमाप्रमाणे बोलावतात आणि विचार करायला फार वेळ देत नाहीत. म्हणून आधीच जिल्ह्याची अवघड क्षेत्राची यादी मिळवा, दोन-तीन शाळा पावसाळ्यात एकदा जाऊन बघा, कारण उन्हाळ्यात सगळेच रस्ते चांगले दिसतात, आणि गावात भाड्यानं खोली कुणाची मिळते तेही विचारून या. नाव पुकारलं की त्या शाळेचं नाव तोंडावर तयार हवं.